रंग गेला, सीओडी किती?

सकाळी ६.१५

ऑटोक्लेव्ह हाताला थंड लागल्याशिवाय उघडायचा नाही, हा नियम आमच्या प्रयोगशाळेत मी कुणालाही मोडू देत नाही. काल दुपारी बाराला ओव्हनमध्ये ठेवलेलं भांडं १५ तास १५० अंशांवर होतं. पहाटे तीनला टायमरनं ओव्हन बंद केला, तेव्हापासून ते आपल्या गतीनं निवत आलंय. घाई करून आत दाब असताना आटे फिरवले तर गरम द्रावक तोंडावर उडतं.

आटे सुटले. स्टीलच्या कवचातला टेफ्लॉनचा पेला बाहेर काढला. वर पिवळसर द्रव, तळाशी फिकट नारिंगी पूड. हिचं नाव एमआयएल-५३, लोखंडाचं. धातूचे अणू आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांचा हा सांगाडा असतो. मांडवाला जसे खांब आणि वासे, तसा. फक्त मधल्या मोकळ्या जागा एखाद-दुसरा रेणू मावेल एवढ्याच. असले सांगाडे उभे करण्यासाठी २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. झिर्कोनियमचा यूआयओ-६६ हा सांगाडा ओस्लो विद्यापीठात तयार झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या एका ग्रॅमचं आतलं-बाहेरचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरांच्या वर जातं. आमच्या लोखंडी सांगाड्याचं त्याहून खूप कमी भरतं, कारण कोरडा झाला की तो आपल्या पोकळ्या मिटून घेतो. तरी मी लोखंडच धरून बसलेय, त्याचं कारण पुढे येईल.

आता धुणं. डीएमएफ नावाच्या ज्या द्रावकात ही पूड वाढते ते यकृताला आणि गर्भाला घातक आहे. सेंट्रिफ्यूजमध्ये पूड बसवायची, वरचं द्रावक लेबल लावलेल्या कॅनमध्ये ओतायचं, मग मिथेनॉलनं पुन्हा पुन्हा धुवायचं. मूठभर पुडीसाठी कॅनभर विषारी द्रावक उरतं हे मला मनापासून खुपतं. पाणी स्वच्छ करायला निघालेल्या माणसानं आधी हा कॅन कमी करायला हवा. म्हणून दुसऱ्या कपाटात आम्ही पाण्यातच सांगाडा वाढवायचा प्रयत्न करतोय. त्यात अडचण अशी की अल्कली जरा जास्त झाली की सांगाड्याऐवजी गंजासारखा तपकिरी हायड्रॉक्साइड बसतो.

सकाळी ८

मसाटच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टेक्स्चरायझिंग युनिटच्या गेटवर. सिल्वासा आणि आजूबाजूची गावं पॉलिएस्टरच्या धाग्यावर वाढली. अर्धवट ताणलेला पीओवाय धागा इथं येतो. यंत्रावर तो तापवतात, ताणतात, पीळ देऊन फुगवतात आणि डीटीवाय म्हणून कोनवर गुंडाळतात. धागा तुटला, गाठ पडली, कोन बिघडला की उरतं ते वेस्ट. पोत्यांनी उरतं.

“ब्राइट देऊ की सेमी-डल?” सुपरवायझर विचारतात.

“ब्राइटच द्या.”

“सेमी-डल जास्त पडलंय, मॅडम. ते न्या की.”

सेमी-डल धाग्याची चमक कमी करायला त्यात वजनाच्या सुमारे ०.३ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड घातलेला असतो. प्रकाशानं रसायनं मोडणारा जगातला सगळ्यात अभ्यासलेला पदार्थ तोच. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये त्याच्यावर उजेड पाडून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून हे सगळं शास्त्र सुरू झालं. तो माझ्या पुडीत चुकून शिरला तर काम कुणी केलं, माझ्या सांगाड्यानं की धाग्यातल्या टायटॅनियमनं, हे सांगता येणार नाही. सुपरवायझरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आमच्या साडीत आधीपासूनच तुमचं औषध आहे.” खरंच आहे की.

पॉलिएस्टर कॉस्टिक सोड्यात उकळला की त्याचे दोन भाग सुटे होतात: ग्लायकोल आणि टेरेफ्थॅलिक आम्लाचं सोडियम लवण. लवण पाण्यात विरघळतं, टायटॅनियम विरघळत नाही. म्हणजे काळजीपूर्वक गाळलं तर सेमी-डलही चालेल. गाळलेल्या पाण्यात आम्ल घातलं की पांढरं टेरेफ्थॅलिक आम्ल दह्यासारखं खाली येतं. शंभर ग्रॅम पॉलिएस्टरमधून कागदावर ८६ ग्रॅम. आमच्या सांगाड्याचे जोडरेणू ते हेच. आणि धातूसाठी लागणारं फेरिक क्लोराइड म्हणजे इथल्या कारखान्यांच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये, गाळ बसवायला वापरतात तेच. लोखंड धरून बसण्याचं कारण हे. झिर्कोनियमचा सांगाडा जास्त टिकाऊ, त्याचे पेपर जास्त देखणे. पण ज्या दोन गोष्टी मसाट-पिपरियात पोत्यांनी आणि पिंपांनी पडलेल्या आहेत त्यांतून जे होईल ते मला आधी करून पाहायचंय.

आज ब्राइटचं एक पोतं घेतलं. यंत्रावर धाग्याला लावलेलं तेल आधी साबणानं काढावं लागेल.

सकाळी १०

तिसऱ्या वर्षाचा तास. विषय रासायनिक गतिकी. खानवेलकडच्या मुली घरी वारली बोलतात, शाळेत गुजराती शिकल्या, पुस्तक इंग्रजी, आणि मी बोलते ते मराठी-हिंदी मिसळून. अर्धायुकाल फळ्यावर नीट उतरला.

सकाळी ११.१५

गच्चीवर मांडामांड. आपलं घड्याळ ज्या रेखांशावर चालतं त्याच्या बरंच पश्चिमेला आपण आहोत. त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला सिल्वासाचा खरा मध्यान्ह १२.५० च्या सुमारास होतो. म्हणून आमचा प्रयोग १२ ते २.

प्रत्येक बीकरमध्ये लिटरला १०० मिलिग्रॅम फिनॉल. बहुतेक पेपरांत इथं मेथिलीन ब्लू असतो. निळं पाणी तासाभरात पांढरं होतं, फोटो छान येतो. पण मेथिलीन ब्लू स्वतःच उजेड शोषतो. मार्चच्या उन्हात तो काहीही न घालता फिका पडतो, आणि पुडीवर नुसता चिकटूनही पाणी रंगहीन करतो. शिवाय पॉलिएस्टरला हा रंग लावतच नाहीत. सुरतेला पॉलिएस्टर रंगवतात ते डिस्पर्स रंगांनी, १३० अंशांच्या आसपास, दाबाखाली, आणि ते रंग पाण्यात जेमतेम विरघळतात. फिनॉलला रंग नाही, त्यामुळे तो उजेडात लुडबुड करत नाही, आणि त्याची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे: नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम.

एका बीकरमध्ये फक्त फिनॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, उन्हात. एकात फिनॉल आणि पूड, पेरॉक्साइड नाही, फॉइल गुंडाळून अंधारात. एकात तिन्ही, तेही अंधारात. एकात तिन्ही, उन्हात. शेवटच्यात पूड म्हणून बाजारात मिळणारी पी-२५ ही टायटॅनियमची प्रमाण भुकटी. सगळी अर्धा तास अंधारात ढवळायची, म्हणजे जे पुडीला नुसतं चिकटणार ते आधीच चिकटून जाईल.

प्रकल्प करणारी विद्यार्थिनी दरवेळी म्हणते, “मॅडम, एवढी बीकरं कशाला? उन्हातलं एक पुरे.” मी दरवेळी तेच उत्तर देते: उन्हातलं एक बीकर फक्त पाणी बदललं एवढं सांगतं. कशानं बदललं ते बाकीची सांगतात.

दुपारी १२

फॉइल निघालं. पेरॉक्साइड पडलं.

काय होतं ते सांगते. लोखंड-ऑक्सिजनच्या गाठीवर उजेड पडला की एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून लोखंडाकडे सरकतो. तीन भारांचं लोखंड दोन भारांचं होतं. ते पेरॉक्साइडला भिडलं की हायड्रॉक्सिल मूलक सुटतो. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूला तो फोडतो, आणि लोखंड परत तीन भारांवर जातं. उजेड नसेल तर लोखंडाला दोनावर परत आणण्याचं काम अगदी रेंगाळत होतं. टायटॅनियम डायऑक्साइडला जंबुपार किरणं लागतात, ३८७ नॅनोमीटरच्या अलीकडची, आणि उन्हात ती चार-पाच टक्केच. आमचा सांगाडा निळ्या उजेडापर्यंत, सुमारे ४६० पर्यंत खातो.

पण शोषलेला बहुतेक उजेड वाया जातो. सरकलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली रिकामी जागा काही काम होण्याआधीच पुन्हा एकत्र येतात. जगभर या पदार्थांत सुधारणा म्हणून जे चाललंय ते बहुतेक या एकाच गोष्टीविरुद्ध. कुणी जोडरेणूवर अमिनो गट लावतं, त्यानं दृश्य उजेड जास्त शोषला जातो. कुणी दोन धातू मिसळतं. कुणी सांगाडा कार्बन नायट्राइडसारख्या दुसऱ्या पदार्थाला चिकटवतं, म्हणजे इलेक्ट्रॉन एकीकडे आणि रिकामी जागा दुसरीकडे जाईल. मला सगळ्यांत आवडणारी वाट म्हणजे मुद्दाम काही जोडरेणू गाळणं. सांगाड्यात जागा रिकाम्या राहतात, धातू उघडा पडतो, आणि कामाच्या जागा वाढतात. सांगाडा ढासळेपर्यंत हे ताणायचं नाही, एवढंच सांभाळावं लागतं.

साडेबाराला उन्हातलं, तिन्ही घातलेलं बीकर तपकिरी झालं. विद्यार्थिनीनं हाक मारली, “मॅडम, खराब झालं!” खराब नाही. फिनॉल फुटताना वाटेत बेंझोक्विनोन आणि त्याचे भाऊबंद तयार होतात, त्यांचा हा रंग. बेंझोक्विनोन फिनॉलपेक्षाही विषारी. स्वच्छ दिसणारं पाणी काम चालू झाल्यावर गढूळ होतं आणि मग पुन्हा निवळतं. नुसत्या डोळ्यांनी निकाल लावायचा म्हटलं तर इथं दोनदा फसगत होते.

याच वेळी उन्हातल्या बीकरमधलं थोडं पाणी सिरिंज फिल्टरनं गाळून, पूड काढून टाकून, वेगळ्या परीक्षानळीत परत उन्हात ठेवलं. या नळीतही काम चालू राहिलं तर समजायचं की सांगाड्यातून सुटलेलं लोखंड पाण्यात फिरतंय आणि श्रेय पुडीचं नाही.

शेजारी बूच लावलेली एक छोटी नळी आहे, ती मुलांसाठी. टायटॅनियमचा अमिनो लावलेला सांगाडा, एमआयएल-१२५, ट्रायइथेनॉलअमाइनमध्ये, आतली हवा नायट्रोजननं घालवलेली. पिवळीधमक पूड उन्हात हिरवी पडते, कारण इलेक्ट्रॉन टायटॅनियमवर येऊन बसतो. बूच काढून हवा लागली की परत पिवळी. पहिल्या वर्षाची मुलं जिना चढून ती पाहायला आली. इलेक्ट्रॉन सरकतो हे वाक्य मी फळ्यावर कितीही वेळा लिहिलं तरी या नळीएवढं ते पटत नाही.

दुपारी २.१५

डबा. नागलीची भाकरी, वालाची भाजी.

विद्यार्थिनीला हायड्रोजन करायचाय. तिचं वय आणि काळ पाहता साहजिक आहे. ४ जानेवारी २०२३ ला केंद्रानं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मान्यता दिली तेव्हापासून हा शब्द सगळीकडे आहे. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. जपानमध्ये डोमेन यांच्या गटानं १०० चौरस मीटरांचे पत्रे मांडून उन्हात पाणी फोडून दाखवलं, २०२१ मध्ये. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट वापरून सौरऊर्जेचा सर्वांत जास्त ०.७६ टक्के भाग हायड्रोजनमध्ये उतरला. धंद्यासाठी लोक १० टक्क्यांची अपेक्षा धरतात. दुसरी गोष्ट अशी की सांगाड्यांचे हायड्रोजनचे बहुतेक आकडे ट्रायइथेनॉलअमाइन किंवा मिथेनॉल खर्चून आलेले असतात. महागडं रसायन जाळून मिळालेल्या हायड्रोजनला पाणी फोडलं म्हणता येत नाही. त्या रसायनाच्या जागी सांडपाण्यातलाच टाकाऊ पदार्थ वापरता आला, तर मी तिच्याबरोबर रात्रभर जागेन.

ती भाकरी खात ऐकत होती. “म्हणजे फिनॉल मोडायचा आणि हायड्रोजनही काढायचा?” हो, तेच. पण आधी फिनॉल नीट मोडू दे.

दुपारी ३

नमुन्यांत उरलेलं पेरॉक्साइड आधी मँगनीज डायऑक्साइडनं मोडायचं आणि गाळायचं. नाहीतर ते पुढच्या चाचणीत सेंद्रिय पदार्थ असल्याचं सोंग घेतं. फिनॉल अमिनोअँटिपायरिननं मोजला. तांबडा रंग येतो, तो ५०० नॅनोमीटरच्या आसपास वाचायचा. उन्हातल्या बीकरमध्ये फिनॉल जवळजवळ संपलेला. आणि तिन्ही घालून अंधारात ठेवलेल्यातही जवळजवळ संपलेला.

विद्यार्थिनीचा चेहरा पडला. उन्हाचा उपयोगच नाही असं दिसतंय. मी तिला सीओडीच्या नळ्या भरायला लावल्या: डायक्रोमेट, गंधकाम्ल, चांदीचं लवण, क्लोराइड पकडायला पाऱ्याचं लवण. १५० अंशांवर दोन तास.

दुपारी ४

नळ्या तापत असताना एका कारखान्याचे ईटीपी ऑपरेटर कॅन घेऊन आले. अधूनमधून येतात. पाणी त्यांचं, उत्सुकता दोघांची. पहिल्यांदा आले होते तेव्हा मी त्यांना निळ्याचं पांढरं झालेलं पाणी अभिमानानं दाखवलं होतं. ते म्हणाले होते, “रंग गेला, मॅडम. सीओडी किती?”

ईटीपी चालवणाऱ्या माणसाची झोप रंगापेक्षा सीओडीनं उडते. पाण्यातलं सेंद्रिय जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते ही संख्या सांगते. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅमची. दमणगंगा मधुबन धरणातून सिल्वासावरून येते, वापीवरून जाते आणि दमणला समुद्राला मिळते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं औद्योगिक वसाहतींची क्रमवारी लावली तेव्हा अंकलेश्वरच्या खालोखाल वापीचं नाव होतं. या नदीकाठी सीओडी हा शब्द चहाच्या टपरीवरही कळतो. त्यांच्या त्या प्रश्नानंतर आमच्या वहीत हा रकाना आला.

सीओडीही एकटी पुरेशी नाही, हे त्यांना मी सांगितलं. आमच्या बीकरमधल्या फिनॉलची सीओडी कागदावर २३८ येते, म्हणजे २५० च्या आत. आणि तरीही त्यात फिनॉल परवानगीच्या शंभरपट आहे. दोन्ही रकाने लागतात.

त्यांच्या कॅनमधल्या पाण्यात मीठ आहे, बायकार्बोनेट आहे, सामू आठाच्या जवळ. क्लोराइड आणि बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलक मधल्यामध्ये खाऊन टाकतात. गढूळपणामुळे ऊन बोटभर खोलीपलीकडे पोचत नाही. असली पूड कच्च्या सांडपाण्यात ओतायची नसते, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. जिवाणूंनी आपलं काम केल्यावर जे हट्टी रेणू उरतात, औषधांचे, फिनॉलचे, तिथंच हिची जागा. ते मान हलवतात. “शेवटच्या टाकीत, म्हणजे. पण पूड गाळात जाणार, मॅडम. परत कशी काढणार?”

हाच प्रश्न मलाही छळतो. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या पार्सन्स यांच्या गटानं झिर्कोनियमचे सांगाडे नायलॉनच्या सूक्ष्म तंतूंवर वाढवून युद्धातली विषारी रसायनं मोडून दाखवली. मग पॉलिएस्टरच्या कापडावर लोखंडाचा सांगाडा का नाही? कापड इथलंच, टाकीत सोडायचं, बाहेर ओढायचं. ऑपरेटरांनी विचारलं, कापड किती रुंद लागेल. अशा प्रश्नांनी काम पुढे सरकतं.

संध्याकाळी ५.४५

टायट्रेशन. फेरोइनचा थेंब, निळसर हिरव्यातून एकदम तांबूस तपकिरी. विद्यार्थिनीच्या हाताला आता घाई नाही. शेवटचा थेंब ती ब्युरेटच्या टोकाशी काचेला टेकवून घेते.

अंधारातल्या बीकरची सीओडी फार उतरलीच नाही. उन्हातल्याची स्पष्ट खाली. फिनॉल दोन्हीकडे संपला होता, पण अंधारात तो ऑक्झॅलिकसारख्या छोट्या आम्लांवर येऊन थांबला. ती आम्लं लोखंडाला धरून बसतात आणि लोखंडाचं काम बंद पाडतात. उन्हात लोखंडाची ही ऑक्झॅलेटं फुटतात, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात आणि लोखंड मोकळं होतं. उजेडाचा वाटा फिनॉलच्या रकान्यात कुठेही दिसत नव्हता. तो दिसला तो ऑपरेटरांनी मागितलेल्या रकान्यात.

मग दुसरी बाजू. पेरॉक्साइड नसलेल्या, अंधारातल्या बीकरची सीओडी फिनॉलच्या हिशेबापेक्षा जास्त भरली. म्हणजे पुडीतूनच काहीतरी सुटतंय, पोकळीत राहिलेलं डीएमएफ किंवा सांगाड्यातून निखळलेलं टेरेफ्थॅलिक आम्ल. आणि पूड गाळून उन्हात ठेवलेल्या नळीतही काम थोडं पुढे गेलं होतं. थायोसायनेट घातल्यावर ती लालसर झाली. विरघळलेलं लोखंड. सांगाडा पूर्ण टिकलेला नाही.

संध्याकाळी ७

वापरलेली पूड धुऊन, वाळवून, बाटलीत. पवईला आयआयटीत क्ष-किरण विवर्तनासाठी ती आणि न वापरलेली अशा दोन्ही पाठवायच्या. दोघींच्या रेषा एकावर एक बसल्या तर सांगाडा उभा आहे. नाहीतर गळतीचा हिशेब सीओडीतून वजा करून उरेल तेच खरं.

विद्यार्थिनीनं विचारलं, तक्त्यात गळतीचा रकाना ठेवायचा का. त्यानं आपला निकाल कमी दिसतो. ठेवायचा. तिनं स्वतःच्या हातानं तो सगळ्यांत डावीकडे आखला, फिनॉलच्याही आधी, आणि मेथिलीन ब्लूचं पान प्रकल्पातून काढून टाकलं. मग पुढच्या घाण्याचं वजन करायला घेतलं: मिथेनॉलची धुणी वाढवायची, ब्राइट धाग्याचंच आम्ल, ओव्हन उद्या बाराला. ऑपरेटरांच्या कॅनवर तिनं तारीख लिहून तो फ्रिजमध्ये ठेवला. उद्याच्या बीकरांत ते पाणी जाईल, पातळ न करता.